मार्क लपवू नका, पत्ताही लपवू नका



आपल्या पोरापोरींत सध्या एक नवाच प्रश्न फिरतोय. अमेरिकेतल्या नामवंत कॉलेजांना पदवीसाठी अर्ज करताना एसएटी नावाच्या परीक्षेचे मार्क पाठवायचे की नाही? कॉलेज म्हणतं, तुमची मर्जी. पाठवा, नाहीतर ठेवा घरी, आम्ही राग धरणार नाही. आणि आपलं पोर रात्रभर कूस बदलत राहतं. पाठवले तर कमी म्हणून हाकलतील. नाही पाठवले तर लपवले म्हणून हाकलतील.

यावर आपल्यातलेच काही जण खेकसतील. इथं वसतिगृहात जागा मिळत नाही, स्कॉलरशिपचे पैसे वेळेवर येत नाहीत, आणि तुम्ही अमेरिकेच्या गप्पा मारताय! दोस्तांनो, हा चोचल्यांचा प्रश्न नाही. मार्क नावाच्या काठीनं आपल्याला तीन पिढ्या झोडपलंय. ती काठी कोण तासतो, कुणासाठी तासतो, आणि तासणाराच एक दिवस 'काठी ऐच्छिक आहे' असं का म्हणायला लागतो, हे बघायचं असेल तर अमेरिकेकडे बघा. तिथं शंभर वर्षांत गुणवत्तेची व्याख्या कितीतरी वेळा बदलली. आणि प्रत्येक वेळी बदलणारे छातीठोकपणे म्हणाले, हीच खरी गुणवत्ता, बाकी सगळं झूट.

१

गोष्ट कोलंबियापासून सुरू करू. बाबासाहेब १९१३ साली जिथं शिकायला गेले, तीच कोलंबिया. १९१६ ला ते तिथून लंडनला गेले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९१९ साली, कोलंबिया कॉलेजनं प्रवेशासाठी थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाची 'मानसिक चाचणी' सुरू केली. कशासाठी? न्यूयॉर्कच्या ज्यू वस्त्यांतली, पोटासाठी देश सोडून आलेल्या आईबापांची पोरं अभ्यास करून करून कॉलेजात घुसत होती. जुन्या घराण्यांना ती नको होती. मग म्हणाले, ही पोरं घोकंपट्टी करून मार्क मिळवतात, अंगची बुद्धी यांच्यात नाही. तेव्हा मार्क सोडा, बुद्धी मोजा.

हे वाक्य आपण कुठं ऐकलंय? सगळीकडं ऐकलंय. आपलं पोर नापास झालं तर 'यांना बुद्धीच नाही'. पास झालं तर 'घोकून पास झालं'. पहिलं आलं तर 'पेपर सोपा होता'.

हार्वर्डमध्ये १९२२ ला अध्यक्ष लॉवेल म्हणाला, ज्यूंचं प्रमाण बांधूनच टाका. उघड कोटा प्राध्यापकांना पचला नाही. मग मागच्या दारानं 'चारित्र्य' आलं, 'व्यक्तिमत्त्व' आलं, 'कुठल्या प्रांताचा' हे आलं, अर्जावर फोटो आला. आणि अर्जात एक प्रश्न आला: जन्मापासून तुमचं किंवा तुमच्या वडलांचं नाव बदललं आहे काय? गावाच्या नावापुढं 'कर' लावून आडनाव बदललेल्या माझ्या दोस्तांनो, हा प्रश्न ओळखीचा वाटतो ना? 'नुसतं नाव नको, पूर्ण नाव सांगा.' खोली भाड्यानं बघायला गेल्यावर घरमालक विचारतो, तोच हा प्रश्न. हार्वर्डनं तो छापून विचारला, एवढाच फरक.

आता एसएटीचा बाप बघा. कार्ल ब्रिगहॅम. पहिल्या महायुद्धात अमेरिकन लष्करानं लाखो शिपायांच्या बुद्धिचाचण्या घेतल्या होत्या. त्या आकड्यांवर यानं १९२३ साली पुस्तक लिहिलं. निष्कर्ष काय काढला? उत्तर युरोपातला गोरा सगळ्यात हुशार, बाकीचे खाली, आणि काळा माणूस तळाला. हाच माणूस पुढं कॉलेजांच्या मंडळासाठी चाचणी बनवायला बसला आणि १९२६ च्या जून महिन्यात सुमारे आठ हजार पोरांनी पहिली एसएटी दिली. मनुस्मृती लिहिणाऱ्याला पेपर सेट करायला बसवावं, तसलाच प्रकार.

पण त्याला उत्तर देणारा निघाला. होरेस मान बॉंड हा काळा तरुण, वय वीसच्या आसपास. १९२४ साली डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्या 'क्रायसिस' मासिकात त्यानं लेख लिहिला आणि त्याच लष्करी आकड्यांतून दाखवलं की उत्तरेतल्या काही राज्यांतल्या काळ्या शिपायांचे मार्क दक्षिणेतल्या काही राज्यांतल्या गोऱ्यांपेक्षा वरचे आहेत. का? उत्तरेत शाळा बऱ्या होत्या. म्हणजे चाचणी रक्त मोजत नव्हती, शाळा मोजत होती. खुद्द ब्रिगहॅमनं १९३० साली आपले निष्कर्ष मागं घेतले. पण परीक्षा मागं घेतली नाही. ती तोवर रुळली होती.

आणि गंमत बघा. १९३४ पासून हार्वर्डचा नवा अध्यक्ष कोनंट यानं हीच परीक्षा उलट्या कामाला लावली. श्रीमंतांच्या खाजगी शाळांबाहेरची, आडगावची हुशार पोरं शोधून त्यांना स्कॉलरशिप द्यायला. काठी तीच, हात दुसरा. ज्या परीक्षेनं दार लावलं, त्याच परीक्षेनं फट पाडली.

हे नीट ध्यानात ठेवा. परीक्षेला आपली जात नसते, पण ती घेणाऱ्याला असते.

२

आता 'ऐच्छिक' या शब्दाकडे येऊ.

मेन राज्यातल्या बोडन कॉलेजनं १९६९ सालीच मार्क पाठवणं ऐच्छिक केलं. पण बाकीचे मोठे हलले नाहीत. २०२० ला कोरोना आला, परीक्षेची केंद्रं बंद पडली आणि जवळपास सगळ्या मोठ्या कॉलेजांनी एका झटक्यात सांगितलं, मार्क नकोत तरी चालेल. शंभर वर्षं जे 'अत्यावश्यक' होतं ते एका उन्हाळ्यात बिनगरजेचं झालं! कॅलिफोर्निया विद्यापीठ तर पुढं जाऊन म्हणालं की मार्क पाठवलेत तरी आम्ही बघणार नाही. कोलंबियानं २०२३ साली जाहीर केलं की आमच्याकडे आता कायमच ऐच्छिक.

मग वारं फिरलं. एमआयटीनं २०२२ च्या मार्चमध्ये परीक्षा परत सक्तीची केली. २०२४ मध्ये डार्टमथ, येल, ब्राऊन, हार्वर्ड, कॅलटेक एकामागून एक परत फिरले. कुणी एसएटीच मागतो, कुणी तिच्याऐवजी दुसरी परीक्षाही चालेल म्हणतो.

मधल्या काळात काय घडलं ते बघा, कारण आपल्याला धडा तिथं आहे. डार्टमथच्या प्राध्यापकांनी आकडे तपासले. त्यांना दिसलं की गरीब घरची, आईबाप कॉलेजात न गेलेली कितीतरी पोरं १६०० पैकी १४०० च्या आसपास मार्क मिळवूनसुद्धा ते पाठवत नव्हती. त्यांना वाटलं, आपले कमी आहेत. खरं तर ते मार्क कॉलेजला दिसले असते तर ती पोरं आत गेली असती. निवड करणारे पोराच्या शाळेकडे बघून मार्क वाचतात. जिथं बहुतेक पोरं हजारच्या आसपास अडकतात तिथून कुणी १४०० आणले, तर ते श्रीमंत शाळेतल्या १५५० पेक्षा मोठे. हे पोराला कुणी सांगितलंच नाही.

श्रीमंताच्या पोराला सांगितलं होतं. त्याच्या शाळेत त्यासाठी पगारी सल्लागार असतो. शिवाय बापानं बाहेरचा एक ठेवलेला असतो. कधी पाठवायचे, कधी झाकायचे, तीनदा परीक्षा देऊन प्रत्येक भागातले सगळ्यात चांगले मार्क कुठल्या कॉलेजात जोडून दाखवता येतात, हे सगळं त्याला पाठ.

आकड्यांची आणखी एक फसवणूक समजून घ्या. कॉलेज छापतं की आमच्याकडे आलेल्या मधल्या निम्म्या पोरांचे मार्क या आकड्यापासून त्या आकड्यापर्यंत. समजा, १४५० ते १५५०. हे वाचून १४३० वाला घाबरतो, मार्क झाकतो. पुढच्या वर्षी मोजणीत फक्त पाठवणारे उरतात, म्हणून खालचा आकडा १४८० होतो. आता १४७० वाला घाबरतो. अशी ती पायरी दरवर्षी वर चढते. पोरं हुशार होत नाहीत, फक्त भिणारी पोरं मोजणीतून गळतात. आपल्या भीतीवर त्यांचा आकडा फुगतो.

म्हणून म्हणतो, 'तुमची मर्जी' हे ज्याला माहिती आहे त्याच्यासाठी स्वातंत्र्य आहे, ज्याला माहिती नाही त्याच्यासाठी सापळा आहे. पाणवठा सर्वांना खुला आहे असा ठराव झाला, पण तळ्याची वाट कुणाला दाखवलीच नाही, तर पाणी कोण पिणार?

३

इथं दोन टोळ्या आपल्याशी बोलायला येतात. दोघांनाही उत्तर द्यायचंय.

पहिली टोळी इथली. गुणवत्तावाले. ते टाळ्या वाजवत म्हणतात, बघा, अमेरिकेलाही शेवटी परीक्षेकडे परत यावं लागलं! तुम्ही मात्र राखीव जागा धरून बसलाय.

अरे, पूर्ण तरी वाचा! डार्टमथनं परीक्षा परत आणली ती गरीब पोरं हुकतायत म्हणून, आणि त्यांचे मार्क त्यांच्या शाळेशी ताडून वाचायचे म्हणून. म्हणजे मार्क कोरडे वाचायचे नाहीत, पोर कुठं उभं होतं ते बघून वाचायचे. हे तर आम्ही पन्नास वर्षं बोंबलून सांगतोय! राखीव जागा म्हणजे दुसरं काय? ज्याच्या आज्याला शाळेच्या ओट्यावर बाहेर बसवलं, त्याचे ६० मार्क आणि ज्याच्या पणज्यानं पाठशाळा चालवली त्याचे ७५ मार्क एका तराजूत टाकू नका, एवढंच ते म्हणणं आहे. तुम्ही ज्या अमेरिकेचा दाखला देता ती तुमच्याच विरुद्ध साक्ष देते.

आणि तुमची गुणवत्ता किती पवित्र ते पण सांगतो. २०१९ च्या मार्चमध्ये अमेरिकेत भानगड फुटली. श्रीमंत आईबापांनी दलालाला पैसे चारून पोरांच्या उत्तरपत्रिका दुरुस्त करून घेतल्या होत्या, कधी खेळ न खेळलेल्या पोरांना खेळाडू म्हणून आत घुसवलं होतं. हा झाला बेकायदा मार्ग. कायदेशीर मार्ग त्याहून रुंद आहे. हार्वर्डवरच्या खटल्यात जे आकडे बाहेर आले, त्यावरून अर्थतज्ज्ञांनी २०१९ साली दाखवलं की प्रवेश मिळालेल्या गोऱ्या पोरांपैकी ४३ टक्क्यांहून जास्त खेळाडू तरी होते, माजी विद्यार्थ्यांची वा तिथल्या नोकरदारांची मुलं तरी होती, नाहीतर डीनच्या खास यादीतले होते. हा कोटाच की! वतनदारीचा कोटा. बाप पाटील म्हणून पोरगा पाटील. त्याला कुणी 'राखीव' म्हणून हिणवत नाही. २०२३ साली राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांनी दाखवलं की एसएटीचे मार्क सारखे असले, तरी वरच्या एक टक्का श्रीमंत घरातलं पोर सगळ्यात नावाजलेल्या बारा कॉलेजांत पोचण्याची शक्यता मध्यमवर्गी पोरापेक्षा दुपटीहून जास्त. मार्क सारखे! मग उरलेलं काय होतं? बाप.

दुसरी टोळी भली माणसं. पुरोगामी. ते म्हणतात, परीक्षा म्हणजेच शोषण, सगळ्या परीक्षा जाळा. निबंध बघा, व्यक्तिमत्त्व बघा, मुलाखत घ्या. माणूस पूर्ण बघा.

माणूस पूर्ण बघणार कोण? बघणाऱ्याचा डोळा कुठल्या आळीत वाढला? १९२२ चं 'चारित्र्य' आपण वर वाचलंच. आता इथलं बघा. श्रीनगरच्या रिजनल इंजिनिअरिंग कॉलेजात लेखी परीक्षेला १०० मार्क आणि तोंडी मुलाखतीला ५० होते. मुलाखत दोन-तीन मिनिटांची. लेखीत खाली असलेले तोंडीत भरघोस मार्क घेऊन वर जात होते. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १९८१ च्या अजय हासिया खटल्यात कोर्टानं सांगितलं की तोंडीला १५ टक्क्यांहून जास्त मार्क ठेवणं म्हणजे मनमानी. दोन मिनिटांत काय बघतात? बापाचं नाव, बोलण्यातला 'न' आणि 'ण', बुटाला पॉलिश. लेखी पेपर निदान आपला वास घेत नाही.

आणि निबंध! अमेरिकन अर्जात निबंध लागतो. तो लिहवून घेणारा धंदा मुंबई-पुण्यात जोरात आहे. तिथं आपलं पोर गेलं की सांगतात, तुझ्या जातीचं दुःख लिही, चांगलं खपतं. आपल्या आत्मकथनांना ज्यांनी 'रडगाणं' म्हटलं, त्यांचेच भाऊबंद आता फी घेऊन आपल्या पोरांना रडायला शिकवतायत. आपल्या लोकांनी उकिरड्यातून शब्द उचलले ते कुणाच्या दयेचा अर्ज भरायला नाही.

परीक्षेचा बळी कसा जातो तेही विसरू नका. तामिळनाडूच्या अरियलूर जिल्ह्यातली अनिता, आपल्यातलीच, मजुराची लेक. २०१७ साली बारावीला १२०० पैकी ११७६ मार्क. त्याच वर्षी तिथं नीट परीक्षा सक्तीची झाली. कालपर्यंत जे मार्क डॉक्टर करणार होते ते आज रद्दी झाले. पोरगी सुप्रीम कोर्टापर्यंत लढली आणि सप्टेंबरमध्ये तिनं जीव दिला. तिची बुद्धी एका वर्षात आटली का? नाही. मोजमाप बदललं. कुणाला विचारून? तिला नाही. आपल्याला नाही.

तेव्हा परीक्षा देव नाही आणि परीक्षा सैतानही नाही. विचारायचा प्रश्न दुसराच आहे: मार्कासोबत पत्ता वाचला जातो की नाही? पोस्टाचा पत्ता नव्हे. तू कुठून निघालास, पायात काय होतं, वाटेत कोण आडवं आलं, तो पत्ता.

४

याचा पुरावा देतो. २९ जून २०२३ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की प्रवेश देताना कॉलेजांनी वंशाचा विचार करायचा नाही. काळ्या पोराला निबंधात आपलं जगणं सांगता येईल, पण रकाना म्हणून तो धरायचा नाही. म्हणजे पत्ता खोडला. पुढच्या वर्षी, २०२४ ला, काय झालं? एमआयटीच्या नव्या तुकडीत काळी पोरं ५ टक्के राहिली. आधीच्या वर्षांत सरासरी १३ टक्के होती. अॅम्हर्स्ट कॉलेजात ११ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आली.

आता बारकाईनं बघा. एमआयटीत परीक्षा सक्तीची. अॅम्हर्स्टमध्ये ऐच्छिक. दोन्हीकडे पोरं घटली. परीक्षा ठेवा नाहीतर काढा, पत्ता खोडला की आपली माणसं गळतात. गुणवत्तावाल्यांनी आणि परीक्षाजाळ्यांनी दोघांनीही हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

आपलं तर याहून अवघड. अमेरिकन अर्जात जातीचा रकानाच नाही. त्यांच्या लेखी आपण 'इंडियन'. मलबार हिलच्या इंटरनॅशनल शाळेतलं पोर इंडियन आणि उदगीरच्या झेडपी शाळेतून आलेली आपली पोरगी पण इंडियन. दोघांचे मार्क एका ढिगात. तिथं बसलेल्या माणसाला महारवाडा माहीत नाही, मांगवाडा माहीत नाही. इथं जात सांगितली की मार खावा लागतो, तिथं न सांगितली की मार बसतो.

५

हे सगळं वाचून एखादा म्हणेल, पण मार्क खरंच कमी असतील तर लाज वाटतेच ना?

ऐका. १९०७ साली एक पोरगा मॅट्रिक झाला. ७५० पैकी २८२ मार्क. टक्के काढा, ३७.६ भरतात. आजच्या सल्लागाराकडे तो कागद नेला असता तर तो म्हणाला असता, बाबा रे, हे आधी लपव. पण परळच्या चाळीतल्या लोकांनी काय केलं? लपवलं नाही. सभा भरवली! सीताराम केशव बोले अध्यक्ष झाले. केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेलं बुद्धचरित्र त्या पोराला बक्षीस दिलं. त्यांना ते २८२ कसे वाचायचे ते कळत होतं. ते ७५० पासून खाली मोजत नव्हते, शून्यापासून वर मोजत होते. गोणपाटावर बसून, नळाला हात न लावता, तहानलेला राहून मिळवलेले २८२.

पुढं सयाजीराव गायकवाडांच्या स्कॉलरशिपवर तोच पोरगा कोलंबियाला गेला. एम.ए. झाला, पीएच.डी. झाला, लंडनचा डी.एस्सी. झाला, बॅरिस्टर झाला. बडोद्यानं २८२ कडे बघून दार लावलं असतं तर? या देशाच्या घटनेचा मसुदा कुणी लिहिला असता?

मला सांगा, ज्या समाजानं २८२ मार्कांची सभा घेतली, त्याची पोरं आज १३५० मार्क पलंगाखाली लपवतात! आधी आडनाव लपवलं. मग वस्ती लपवली. भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो पाहुणे आले की काढला. आता मार्क लपवा. लपवत लपवत आपण उरणार किती?

६

भाषण पुरे. करायचं काय ते सांगतो.

एक. कॉलेज कुठल्या गटातलं ते आधी त्याच्या स्वतःच्या चालू वर्षाच्या नियमात बघ. सक्तीवालं, ऐच्छिकवालं, की न बघणारं? नियम वर्षावर्षाला बदलतायत, गेल्या वर्षी गेलेल्या दादाच्या सांगण्यावर जाऊ नकोस. कॅलिफोर्निया विद्यापीठासारखं न बघणारं असेल तर त्याच्यासाठी परीक्षेवर पैसा घालू नकोस.

दोन. ऐच्छिक असेल तर छापलेल्या आकड्याला भिऊ नकोस. तुझ्या शाळेकडे बघ. तुझ्या शाळेतून ही परीक्षा कितीजण देतात? कुणीच नाही? मग तूच तुझ्या शाळेची सरासरी आहेस. छापील आकड्याच्या थोडं खाली असशील तरी पाठव, आणि शाळेची हकीकत जोडून पाठव. अगदीच खाली असशील, तर नको पाठवू. पण तो डाव म्हणून, लाज म्हणून नव्हे. पैलवान पण कुठला पेच टाकायचा आणि कुठला टाकायचा नाही ते ठरवतोच.

तीन. पैशाचं आधी विचार. बहुतेक कॉलेजं परदेशी पोराला मदत लागणार का हे बघून प्रवेश ठरवतात. तसं न बघणारी थोडीच आहेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, अॅम्हर्स्ट त्यात येतात. यातली बरीचशी आता परीक्षा मागतात. म्हणजे जिथं फुकट शिकता येईल तिथं बहुधा मार्क लागतील. तेव्हा 'ऐच्छिक आहे' म्हणून परीक्षाच न देणं हे आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं आहे. परीक्षेची फीमाफी मुख्यतः अमेरिकेतल्या गरीब पोरांसाठी आहे, आपल्याला ती मिळत नाही. मग वर्गणी काढा. जयंतीच्या डीजेचे पैसे एक वर्ष कमी करा, कितीतरी पोरं परीक्षेला बसतील. तयारीचं सामान खान अॅकॅडमीवर फुकट आहे, एक चालता मोबाईल आणि बसायला जागा पाहिजे. विहारात ती जागा आहे.

चार. पत्ता लिही. अर्जात जादा माहितीची जागा असते. तिथं सरळ लिही: जात कुठली, तिचा अर्थ काय, घरात पहिला शिकणारा कोण, शाळेत इंग्रजी कोणत्या इयत्तेत आली, परीक्षेचं केंद्र किती मैलांवर होतं, सुट्टीत कुठं कामाला जात होतास. रडायचं नाही, सजवायचं नाही. पंचनामा लिहितात तसं लिहायचं.

पाच, आणि हे कार्यकर्त्यांसाठी. त्या कॉलेजांना पोराच्या अर्जासोबत शाळेची ओळख सांगणारा कागद लागतो. श्रीमंत शाळा तो चकचकीत छापते. आपल्या आश्रमशाळेच्या हेडमास्तरांना असा कागद असतो हेच माहीत नसतं. तो आपण लिहू. प्रत्येक तालुक्यातल्या आपल्या मंडळानं आपल्या शाळेचा लिहावा: पट किती, मास्तर किती, प्रयोगशाळा आहे की कुलूप आहे, कॉलेजात किती जातात. हेडमास्तरांची सही-शिक्का घ्या. एकदा लिहिला की दहा वर्षं पोरांच्या कामी येईल.

सहा. सामाजिक न्याय खात्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर एम.एस., पीएच.डी.ला जाणाऱ्यांनाही हेच लागू. तिथं जीआरई ही परीक्षा अनेक विभागांनी ऐच्छिक केलीय. तिथंही आपली पोरं लाजेनं झाकतात आणि दुसऱ्याची पोरं हिशेबानं झाकतात. फरक समजा.

आणि एक मागणी आपण चालू ठेवायची, इथंही आणि तिथंही. तिथं आपली माणसं लढतायत. ब्रँडाइस विद्यापीठानं २०१९ ला, कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीनं २०२२ ला भेदभावाच्या नियमात जात हा शब्द घेतला. ते आत गेल्यानंतरचं झालं. आता दारावरचं मागा. मार्क मागता ना? खुशाल मागा. मग जातीचा रकानाही ठेवा. मोजायचं असेल तर अंतर पूर्ण मोजा. अर्ध्या वाटेपासून मोजलेलं अंतर आम्हाला मंजूर नाही.

तोवर, पोरापोरींनो, कागद हातात घ्या. जे मार्क असतील ते असतील. ते तुम्ही चोरलेले नाहीत. वर आपलं नाव लिहा, आडनाव लिहा, वस्ती लिहा, आणि पेटीत टाका.

जय भीम.